अमेरिकेवरची पुस्तकं पन्नासाव्या पानावर का सुटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी वाचनाची सवय आहे, अमेरिकेचं राजकारण आणि तिथला समाज समजून घ्यायचा आहे, म्हणून चार जाडजूड पुस्तकं आणली. एक इतिहासाचं, एक सर्वोच्च न्यायालयावरचं, एक तिथल्या समाजमूल्यांवरचं आणि एका माजी राजकारण्याचं आत्मचरित्र. प्रत्येक पुस्तक पन्नास-साठ पानांवर सुटतं. त्यात एक लेखक म्हणतो हा देश स्वातंत्र्याच्या तत्त्वावर उभा राहिला, दुसरा म्हणतो गुलामगिरीवर. कोणाचं खरं धरायचं आणि कुठल्या क्रमाने वाचायचं?

तुम्ही यादी मागितली आहे, पण अडचण यादीची दिसत नाही. ही पुस्तकं ज्या वाचकासाठी लिहिली जातात, त्याने तिथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकलेलं असतं. सिनेट म्हणजे काय, राज्याचं न्यायालय आणि संघाचं न्यायालय यांत फरक काय, १८६५ ला काय झालं, हे लेखक सांगत बसत नाही. आपण वाचतो तेव्हा ती रिकामी जागा नकळत भारतातल्या व्यवस्थेने भरतो. वाक्य कळल्यासारखं वाटतं, अर्थ मात्र थोडा चुकलेला असतो. अशा पंधरा-वीस छोट्या चुका साठल्या की धागा तुटतो, आणि तो बहुधा पन्नासाव्या पानाच्या आसपासच तुटतो. तुमचं इंग्रजी कमी पडत नाही, पायाखालची फळी नाही.

किती खोल जायचं हे हेतूवर अवलंबून आहे. बातम्यांत निवडणूक समजावी एवढंच हवं असेल तर खाली दिलेले पहिले दोन टप्पे, राज्यघटना आणि शब्द, पुरतील. नातेवाईक तिकडे आहेत, त्यांचं जगणं समजून घ्यायचं आहे, तर शेवटचा समाजमूल्यांचा भाग जास्त कामाचा. खरा इतिहास हवा असेल तर मधला इतिहासाचा भाग टाळता येणार नाही. रोज अर्धा तास, वीस-पंचवीस पानं, एवढा वेळ तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितो.

सुरुवात अमेरिकेच्या राज्यघटनेपासून करा. तिच्यावरच्या पुस्तकापासून नव्हे, तिच्याच मजकुरापासून. आपल्या घटनेच्या मानाने ती फारच लहान आहे: मूळ मजकूर साधारण साडेचार हजार शब्दांचा, सात कलमं, आणि आजवरच्या सत्तावीस दुरुस्त्या. दोन बैठकांत सगळं वाचून होतं. पहिलं कलम काँग्रेसबद्दल, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेबद्दल आहे आणि मूळ मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग त्यानेच व्यापला आहे. अध्यक्षाचं दुसरं कलम त्याहून खूप लहान, न्यायालयांचं तिसरं आणखी लहान. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्यांच्या मनात राज्यकारभाराचं केंद्र कुठे होतं, ते या लांबीवरूनच दिसतं. आजची बहुतेक पुस्तकं अध्यक्ष आणि न्यायालय यांच्याभोवती फिरतात. मधल्या दोन शतकांत सत्ता कशी सरकली, हाच त्यांतल्या निम्म्या पुस्तकांचा विषय आहे.

वाचताना एका कागदावर दोन रकाने करा, डावीकडे भारत, उजवीकडे अमेरिका, आणि पुढच्या जागा नक्की भरा, कारण गोंधळ याच ठिकाणी होतो.

आपल्याकडे लोकसभेत बहुमत गेलं की सरकार पडतं. तिथे अध्यक्षाचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतात असला तरी अध्यक्ष चार वर्षं राहतो. त्याला काढण्याचा एकच मार्ग महाभियोगाचा: प्रतिनिधीगृहात साधं बहुमत, मग सिनेटमध्ये दोन तृतीयांश. आजवर एकाही अध्यक्षावर सिनेटमध्ये दोष सिद्ध झालेला नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जातं. तिथे असा कायदाच नाही, त्यामुळे सदस्य स्वपक्षाच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन पुन्हा त्याच पक्षाकडून निवडून येऊ शकतो. ‘पक्षाने ठरवलं’ हे वाक्य अमेरिकी पुस्तकात आलं की त्याचा अर्थ आपल्यापेक्षा बराच सैल घ्यायचा. आपल्याकडे उरलेले अधिकार केंद्राकडे आहेत, तिथे दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा लोकांकडे. म्हणून फौजदारी कायदा राज्यागणिक वेगळा, शाळा राज्यांच्या आणि स्थानिक जिल्ह्यांच्या. आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभर मतदान घेणारी एकच संस्थाही नाही. मतदान राज्यं आणि त्यांच्या काउंट्या घेतात.

त्याच कागदावर अध्यक्षीय निवडणुकीचं गणितही लिहून ठेवा. अध्यक्ष थेट देशभरच्या मतांवर निवडला जात नाही; प्रत्येक राज्याला त्याच्या दोन्ही सभागृहांतल्या जागांइतकी निर्वाचक-मतं असतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तिथे जिंकणाऱ्याला मिळतात. प्रतिनिधीगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीने मिळालेले ३, अशी एकूण ५३८ मतं, जिंकायला २७०. प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोनच जागा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या घरात आणि कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी होती, तरी सिनेटमध्ये दोघांचं वजन सारखं. देशभरातली मतं कमी पडूनही १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये अध्यक्ष कसे झाले, हे या गणिताशिवाय कळत नाही.

दुरुस्तीची पद्धत मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचं न्यायालयावरचं पुस्तक बहुधा इथेच अडलं असेल. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे आज ५० पैकी ३८. आपल्या घटनेत १९५० पासून शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या, तिथे सव्वादोनशेहून जास्त वर्षांत सत्तावीस. मजकूर बदलणं इतकं अवघड असल्यामुळे बदल अर्थ लावण्यातून होतो आणि अर्थ लावायचं काम नऊ न्यायाधीशांकडे जातं. त्यांना निवृत्तीचं वय नाही. म्हणूनच एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवर तिथे अख्खी पुस्तकं लिहिली जातात. चौदावी दुरुस्ती, १८६८ ची, दोनदा वाचा. शाळांतलं वंशविभाजन, गर्भपात, समलिंगी विवाह, जन्माने मिळणारं नागरिकत्व, हे सगळे खटले तिच्या पहिल्या परिच्छेदाभोवती लढले गेले.

दुसरा टप्पा शब्दांचा. हा सोपा वाटतो आणि सर्वात जास्त फसवतो. आपल्याला शब्द ओळखीचा असतो, म्हणून आपण थांबत नाही.

‘लिबरल’ घ्या. मराठीत ‘उदारमतवादी’ म्हटलं की रानडे-गोखले डोळ्यासमोर येतात. युरोपीय अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिबरल म्हणजे खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता. अमेरिकेत १९३० च्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यू डील या मंदीतल्या सरकारी मदत-योजनांनंतर त्याचा रूढ अर्थ जवळजवळ उलट झाला: सरकारने अर्थव्यवस्थेत हस्तक्षेप करावा, दुर्बलांना आधार द्यावा असं मानणारा. ‘फेडरल’ शब्दाचंही तसंच. १७८७-८८ मध्ये फेडरलिस्ट म्हणजे मजबूत केंद्र मागणारे. आज ‘फेडरॅलिझम’चा आग्रह धरणारे बहुतेकदा राज्यांच्या अधिकारांबद्दल बोलत असतात. ‘सेक्रेटरी’ म्हणजे खातेप्रमुख, आपल्या भाषेत मंत्री. सचिव समजलात तर सगळी उतरंड चुकते. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे त्या अध्यक्षाचं सरकार. ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा; आपल्याकडे त्या नावाच्या शाळा बहुधा खाजगी असतात.

पक्षांच्या नावांचं तर खास ध्यान ठेवा. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध म्हणून उभा राहिला, लिंकन हे त्या पक्षातून झालेले देशाचे पहिले अध्यक्ष. उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी असलेली दक्षिणेची राज्यं यांच्यातल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धानंतर दक्षिणेतले गोरे मतदार जवळपास शंभर वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाला चिकटून होते. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या कायद्याविरुद्ध मत दिलेले रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर देशभर दणकून हरले, पण स्वतःच्या अ‍ॅरिझोनाशिवाय त्यांनी जी पाच राज्यं जिंकली ती सगळी खोल दक्षिणेतली होती: लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना. बदल एका रात्रीत झाला नाही, त्याला पुढची तीसेक वर्षं लागली. तेव्हा पुस्तकात ‘डेमोक्रॅट’ दिसला की समासात साल लिहा. १८६० चा, १९३६ चा आणि २०२० चा डेमोक्रॅट एकच समजून वाचलंत तर लेखक स्वतःलाच खोडतो आहे असं वाटेल. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट ही वाटणीसुद्धा २००० च्या निवडणुकीपासून रूढ झाली, त्याआधी वाहिन्यांच्या नकाशांवर रंग वेगवेगळे असत.

हे शब्द वहीत मराठीत भाषांतरित करू नका. देवनागरीत ‘लिबरल’ लिहा, पुढे साल आणि त्या लेखकाचा अर्थ. एका पुस्तकाला असे बारा-पंधरा शब्द पुरतात.

आता इतिहास, आणि तुमच्या मूळ वादाचं उत्तर. त्या दोन लेखकांपैकी एकाची निवड करण्याआधी ते ज्या कागदांवर भांडत आहेत ते कागद स्वतः वाचा. हे बहुतेक मूळ कागद लहान आहेत आणि फुकट उपलब्ध आहेत. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेराशेच्या आसपास शब्दांचा. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांनी त्याच जाहीरनाम्याच्या साच्यात आपल्या तक्रारी बसवल्या, तो मसुदा. स्वतः गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये केलेलं भाषण, ज्यात ते विचारतात की तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाला काय होय. लिंकन यांचं मार्च १८६५ चं दुसरं शपथविधी-भाषण, जेमतेम सातशे शब्द. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं एप्रिल १९६३ चं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र. पाच संध्याकाळींचं काम आहे.

हे वाचल्यावर घटनेकडे परत या आणि शोधा, मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द कुठे आहे? कुठेही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’, ‘सेवा किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ असे वळसे आहेत. गुलामगिरीचं नाव घटनेत पहिल्यांदा येतं ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती रद्द करताना. तीन-पंचमांशाचं कलम हमखास चुकीचं वाचलं जातं. ‘कृष्णवर्णीयाला तीन-पंचमांश माणूस मानलं’ असं अनेक पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं. ते कलम प्रतिनिधीगृहाच्या जागावाटपाचं होतं. गुलामांना पूर्ण मोजा, ही मागणी गुलाममालकांच्या राज्यांची होती, कारण त्याने त्यांच्या जागा वाढत आणि त्याच प्रमाणात अध्यक्ष निवडणारी मतंही. अजिबात मोजू नका, असा विरोधी आग्रह होता. तडजोडीत दक्षिणेला मतदानाचा हक्क नसलेल्या माणसांच्या नावावर जादा सत्ता मिळाली. कलमाची क्रूरता यात आहे, आणि ती नुसत्या अपूर्णांकापेक्षा मोठी आहे.

दुसरी कसोटी यादवी युद्धाची. दक्षिण ‘राज्यांच्या अधिकारां’साठी लढली असं सांगणारं पुस्तक तुमच्या हातात कधी ना कधी येईलच. साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांनी फुटून निघण्याची कारणं लेखी जाहीर केली होती. मिसिसिपीने सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली असल्याचं सांगून टाकलं. साउथ कॅरोलिनाची डिसेंबर १८६० ची तक्रार तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत पाठवण्याचा कायदा पाळत नाहीत, ही आहे. म्हणजे त्यांचा आक्षेप उत्तरेच्या राज्यांनी स्वतःचे अधिकार वापरण्यालाच होता. दक्षिणेने केलेल्या नव्या घटनेत गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करायला स्पष्ट बंदी होती. हे तीन कागद वाचायला एक तास लागतो, आणि त्यानंतर या विषयावरचं कुठलंही पुस्तक तुम्हाला हलवू शकत नाही.

तर स्वातंत्र्य की गुलामगिरी? माझं मत असं की, दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं म्हणून हात झटकणं हा आळस आहे. नेमकं बोलायचं तर जाहीरनाम्यातल्या समतेच्या वाक्याने सत्ता वाटली नाही; सत्ता वाटली घटनेने, आणि तिने गुलामगिरीला संरक्षण दिलं. पण त्याच वाक्याचा आधार घेऊन डग्लस, सेनेका फॉल्सच्या स्त्रिया, लिंकन आणि किंग यांनी देशाकडे हिशेब मागितला. जे पुस्तक या दोन गोष्टींतला ताण दाखवतं ते ठेवा. जे एकच अर्धा सांगतं ते दुसऱ्या अर्ध्याच्या पुस्तकाबरोबर जोडीने वाचा.

जोडीने वाचायचं म्हणजे कसं, ते यादवी युद्धानंतरच्या १८६५ ते १८७७ या पुनर्रचनेच्या काळावरून सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हा काळ भ्रष्टाचाराचा आणि अंदाधुंदीचा म्हणून रंगवला. नुकत्याच मुक्त झालेल्यांना मताधिकार देणं हीच चूक, असा त्यांचा सूर. (डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ मध्ये त्याच विद्यापीठात शिकत होते, त्या वेळी डनिंग तिथे शिकवत होते.) १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून हे चित्र उलटवलं. मुक्त झालेली माणसं त्यांच्या पुस्तकात इतिहास घडवणारी आहेत, आणि शेवटचं अख्खं प्रकरण इतिहासकारांनी केलेल्या प्रचाराचा पंचनामा आहे. ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचं ‘रिकन्स्ट्रक्शन’ आलं तोपर्यंत नागरी हक्क चळवळीने प्रश्नच बदलले होते आणि ड्यू बॉइस यांची बाजू मुख्य प्रवाहात आली होती. काळ तोच, निष्कर्ष उलटे. म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला १९५० पूर्वीचा अमेरिकेचा इतिहास पहिलं पुस्तक म्हणून कधीही घेऊ नका. तो वाईट लिहिलेला नसतो, उलट फार ओघवता असतो, आणि धोका तोच आहे.

मराठी वाचकाला हा काळ आणखी एका कारणाने जवळचा वाटायला हवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली. ते साल पुनर्रचनेच्या ऐन मधलं. चारच वर्षांत, १८७७ मध्ये, दक्षिणेच्या राजधान्यांमधलं संघाच्या सैन्याचं पाठबळ काढून घेतलं गेलं आणि पुढे मतदान-कर, साक्षरता-परीक्षा अशा मार्गांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. अर्पणपत्रिका या तारखांच्या शेजारी ठेवून वाचली की दोन्ही समाजांबद्दल काहीतरी नवं कळतं.

न्यायालयावरच्या पुस्तकासाठी एक पद्धत. पुस्तक ज्या खटल्यावर भर देतं तो निकाल बाजूला ठेवा. सुरुवातीचा सारांश वाचा (तो निकालाचा भाग नसतो, सोयीसाठी जोडलेला असतो), मग बहुमताचा निकाल आणि मग विरोधी मत. विरोधी मत कधीही सोडू नका. १८९६ च्या प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ (गोऱ्या-काळ्यांच्या सोयी वेगळ्या ठेवल्या तरी समान असल्या की चालतात) या तत्त्वाविरुद्ध न्यायमूर्ती हार्लन एकटेच उभे राहिले आणि १९५४ च्या ब्राउन खटल्यात न्यायालयाने एकमताने शाळांतलं वंशविभाजन घटनाबाह्य ठरवलं. ब्राउनचा निकाल पंधरा पानांच्या आतला आहे, तिथून सुरुवात करा. २०२२ चा गर्भपातावरचा डॉब्स निकाल विरोधी मत धरून दोनशेहून अधिक पानांचा आहे, तो नंतर.

समाजमूल्यांची पुस्तकं हा वेगळाच प्रांत. ‘अमेरिकन लोक व्यक्तिवादी असतात’ छापाची वाक्यं इथे फार. त्यावर उपाय म्हणजे एकच धागा धरून वेगवेगळ्या काळांतली पुस्तकं वाचणं. मी सुचवेन तो धागा संस्थांचा: लोक आपण होऊन मंडळं, क्लब, समित्या कशा काढतात. अलेक्सिस द तोकव्हिल हा फ्रेंच तरुण १८३१-३२ मध्ये तुरुंगांच्या पाहणीसाठी म्हणून नऊ महिने अमेरिकेत फिरला. त्याच्या पुस्तकाचे दोन भाग १८३५ आणि १८४० चे. सगळं वाचू नका. पहिल्या भागातली गावकारभार, बहुमताची जुलूमशाही आणि तीन वंशांवरचं शेवटचं प्रकरण, दुसऱ्या भागातली व्यक्तिवाद आणि संस्थांवरची प्रकरणं एवढं घ्या. लोक स्वतःपुरते राहू पाहतात आणि संस्था त्यांना बाहेर ओढतात, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर मराठीतच लिहिलेलं पुस्तक आहे: पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या रमाबाई तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या. स्त्रियांच्या संघटना, मद्यपानविरोधी चळवळ, शिक्षण, राज्यव्यवस्था हे त्यांनी स्वतः त्यात वावरून लिहिलं आहे. तोकव्हिलच्या नजरेत न आलेलं अर्धं जग त्यांच्या पुस्तकात आहे. परक्या देशाकडे एका मराठी बाईने किती शिस्तीने पाहिलं, हे बघण्यासाठीही ते वाचावं.

तिसरी कडी १९२९ चं ‘मिडलटाउन’. रॉबर्ट आणि हेलन लिंड यांनी इंडियाना राज्यातल्या मन्सी शहराची, नाव लपवून, केलेली पाहणी. क्लब, चर्च, मोटारगाडी, घरकाम, सगळं मोजलेलं. पण त्यांनी शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीला जाणूनबुजून पाहणीबाहेर ठेवलं होतं, आणि तरी पुस्तक ‘नमुनेदार अमेरिकन शहर’ म्हणून वाचलं गेलं. मूल्यांवरचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: मोजलं कोणाला, आणि वगळलं कोणाला? शेवटची कडी रॉबर्ट पटनम यांचं २००० मधलं ‘बोलिंग अलोन’, ज्यात १९६० नंतर संस्थांचं सभासदत्व कसं घसरलं ते मांडलं आहे. त्यावर आक्षेप असा की जुन्या संस्थांची घसरण मोजली, नव्या प्रकारच्या संस्था सुटल्या. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांची वर्गणी, कार्यकारिणी, गणपतीच्या समित्या तुमच्या नातेवाइकांकडून समजून घेतल्या, तर हा आक्षेप किती टिकतो ते तुम्हीच तपासू शकाल.

जनमत चाचण्यांचे आकडे आले की प्रश्नाचे नेमके शब्द शोधा. जनरल सोशल सर्व्हे हे अमेरिकनांच्या मतांचं देशव्यापी सर्वेक्षण १९७२ पासून चालू आहे. त्यात काही लोकांना ‘वेलफेअर’वर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी मदत-योजनांवर, पुरेसा खर्च होतो का असं विचारलं गेलं आणि काहींना ‘गरिबांना मदत’ करण्यावर. खर्च कमी पडतो म्हणणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या शब्दांत विचारल्यावर कितीतरी जास्त निघतं, वर्षानुवर्षं. म्हणजे ‘अमेरिकनांना गरिबांची पर्वा नाही’ आणि ‘आहे’ ही दोन्ही विधानं एकाच सर्वेक्षणातून काढता येतात. तीच गोष्ट मतदानाच्या टक्केवारीची. आपल्याकडे ती नोंदलेल्या मतदारांवर काढतात, तिथे बहुधा मतदानास पात्र असलेल्या सगळ्यांवर, आणि नोंदणी बऱ्याच राज्यांत मतदारानेच करायची असते. २०२० ची साधारण ६६ टक्के ही पात्र लोकांवरची आहे. पायाच वेगळा, तेव्हा थेट तुलना करू नका. पैशांचं गणित वहीच्या मागे लिहून ठेवा: एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. जुन्या डॉलरचा आकडा महागाई धरून बदलला आहे का, तेही बघा. १९६० चा एक डॉलर २०२० च्या साधारण पावणेनऊ डॉलरइतका होता. तुलना महागाई न धरता केलेली असेल तर वाढ फुगलेली दिसते.

नवं पुस्तक विकत घेण्याआधी वीस मिनिटं द्या. प्रकाशनाचं मूळ साल बघा, नव्या आवृत्तीचं नव्हे. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून लेखकाचा दावा एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर पुस्तक परत ठेवा. पुस्तकाच्या शेवटची सूची उघडून त्या काळातली एखादी हमखास यायला हवी अशी गोष्ट शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या इतिहासात १८८२ चा चिनी स्थलांतरितांना बंदी घालणारा कायदा नसेल, तर लेखकाने काय गाळलं आहे याचा अंदाज येतो. मग मजकुरातली तीन ठाम विधानं निवडून त्यांच्या टिपा उघडा. टीप मूळ कागदाकडे जाते की दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाकडे? अवतरणात तीन टिंबं असतील तर गाळलेले शब्द मूळ ठिकाणी बघा. तीनपैकी दोन ठिकाणी आधार दावा पेलत नसेल तर ते पुस्तक माहितीसाठी वापरू नका.

तुमच्या चार पुस्तकांचा क्रम मग असा लागतो. पहिला आठवडा घटना आणि दोन रकान्यांचा कागद. दुसरा आठवडा ते पाच मूळ कागद आणि फुटीर राज्यांचे जाहीरनामे. मग इतिहासाचं पुस्तक; चारशे पानांचं असेल तर रोज वीस पानांनी तीन आठवडे. नावांनी दमछाक होते म्हणून बारा नावांपुरती चिठ्ठी ठेवा, तेरावं नाव आलं की एक खोडा. खोडायची वेळ आली की कोण महत्त्वाचं हे आपोआप ठरतं. त्यानंतर न्यायालयाचं पुस्तक, सोबत प्लेसी आणि ब्राउन. समाजमूल्यांचं चौथ्या ठिकाणी असं नाही, ते इतिहासाच्या जोडीने थोडं थोडं चालू द्या.

राजकारण्याचं आत्मचरित्र सगळ्यात शेवटी. निवडणुकीच्या आधी वर्ष-दोन वर्षांत आलेलं असेल तर ते प्रचाराचं साधन म्हणूनच वाचा, आणि निवृत्तीनंतरचं असेल तर निर्णयांच्या समर्थनासाठी लिहिलेलं. माहितीपेक्षा भाषा बघा: कोणता शब्द परत परत येतो, कोणत्या वर्षाबद्दल दोन ओळीच आहेत. त्या दोन ओळींचं वर्ष इतिहासाच्या पुस्तकात उघडा आणि दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून ते प्रकरण वाचा.